पेटी टपावर

घनसावंगीत येऊन मला चार दिवस झाले होते. संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसलो, पेटी पुढ्यात ओढली, भात्याची कडी सोडली आणि पुण्यात वीस वर्षं जो प्रश्न विचारत आलो तोच शेजारच्या विणेकरी बाबांना अदबीनं विचारला, "बाबा, आपली पट्टी कोणती?"

बाबांनी मला वरून खाली न्याहाळलं.

"घरटी पाचशे एक. बँकवाल्यायला हजार एक."

मी मुकाट्यानं हजार एक काढून दिले. बाबांनी ते टोपीखाली सारले, वीणा छेडली आणि हरिपाठ सुरू झाला. काळी दोन की पांढरी चार, हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

पुण्यात पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं धरलेला सूर. इथे पट्टी म्हणजे सप्त्याची वर्गणी. महाराष्ट्रभर मराठी एकच, असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंची बदली झालेली नसते.

परदेशी गेलेल्या माणसाचं आपल्याकडे भारी कौतुक. माझा आतेभाऊ नॉर्वेत असतो. तो फोनवर नुसतं "इकडे सगळं शून्यापासून शिकावं लागतं गं" म्हणाला की आत्या डोळ्यांना पदर लावते. मी सदाशिव पेठेतून घनसावंगीला निघालो तेव्हा हीच आत्या म्हणाली, "चला, बरं झालं. महाराष्ट्रातच आहे." पदर जागचा हलला नाही.

हा आतेभाऊ समुद्राच्या एका फाट्याकाठच्या खेड्यात राहतो. त्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूसही बाहेरच्या देशातून आलेला आहे. तिकडच्या खेड्यापाड्यांत ऑर्गन वाजवणारे पुरेसे मिळत नाहीत, म्हणून जर्मनी, हॉलंड, हंगेरी अशा ठिकाणांहून माणसं येतात, भाषा शिकतात आणि दर रविवारी वाजवतात. त्याचा त्यांना पगार मिळतो. रजासुद्धा मिळते. मी घनसावंगीत पेटी वाजवतो हे कळल्यावर आतेभाऊ म्हणाला, "अरे, म्हणजे तू आणि तो एकाच धंद्यातले!" मला त्या धंद्यात आजवर सात टॉवेल, नऊ टोप्या आणि मोजता न येण्याएवढे नारळ मिळाले आहेत.

आता इथवर आलो कसा, ते सांगतो. घनसावंगी तालुक्यातच जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली तिथला. परंपरा अशी सांगते की बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि नवरदेव जे उठून निघाले ते थेट नाशिकजवळच्या टाकळीला. या तालुक्यातला सगळ्यांत शहाणा माणूस एका शब्दावर निघून गेला. मी तीन पानी हुकूम दोनदा वाचून, खाली सही करून आलो. मला 'सावधान' कोणी म्हणालंच नाही. साहेब 'अभिनंदन' म्हणाले. बढतीवर बदली होती.

सामान पुढे पाठवलं. पत्ता ठळक अक्षरांत लिहिला होता. पण महाराष्ट्रात सावंग्या पुष्कळ आहेत आणि 'घन' हा शब्द ट्रकवाल्याला बहुधा विशेषण वाटला असावा. गादी, गॅस, मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेला जाऊन पोचल्या. पेटी मात्र मी कोणाच्या हाती देत नाही. ती माझ्याबरोबर अंबडपर्यंत आली. तिथे काळीपिवळी उभी होती. आत अकरा जण बसले होते, बारावा मी.

"ती पेटी टपावर टाका," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, वाद्य आहे ते!"

"मंग? टपावर वाजत नाही का?"

वर सरकी पेंडीची दोन पोती, मोसंब्यांचे क्रेट आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. त्यांच्यामध्ये माझी पेटी बसवली गेली. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला वरून 'पँ' असा सूर यायचा. शेजारच्या आजी दर वेळी म्हणायच्या, "कोंबडं वरडलं जणू." तिसऱ्या खड्ड्यानंतर मलाही तसंच वाटू लागलं.

अशा रीतीनं घनसावंगीत मी उतरलो तेव्हा माझ्याकडे अंथरूण नव्हतं, भांडं नव्हतं, बदलायला सदरा नव्हता, पेटी होती. भाड्याच्या खोलीत रात्री मी पेटीच्या खोळीवर डोकं ठेवून झोपलो. सकाळपर्यंत गावभर झालं होतं की बँकेत एक विरक्त साहेब आले आहेत.

घरमालक चहा घेऊन आले. "साहेब, ही वाजवता का नुसती सांभाळता?"

"थोडीफार वाजवतो," मी म्हणालो. पुण्यात 'थोडीफार' याचा अर्थ असा असतो की मी उत्तम वाजवतो, आता तुम्ही दोनदा आग्रह करा. घनसावंगीत 'थोडीफार' याचा अर्थ थोडीफार असा असतो.

"चालंन," ते म्हणाले. "आमचे पेटीवाले पोराकडं संभाजीनगरला गेले राहायला. सध्या कोणीच नाही. त्यापरीस तुम्ही बरे."

माझं संगीतशिक्षण 'प्रवेशिका पूर्ण'पर्यंत झालं आहे. मध्यमा प्रथमच्या परीक्षेत परीक्षकांनी मला भूप वाजवायला सांगितला आणि मी वाजवल्यावर कोणता राग वाजवला ते विचारलं. तिथे शिक्षण थांबलं. ही पात्रता घरमालकांना सांगायचा मी प्रयत्न केला, पण ते तोवर कपबशी घेऊन निघून गेले होते.

देवळात एक निवृत्त गुरुजी येतात. संगीतातलं त्यांना कळतं, हेच गावात त्यांचं दुःख. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "हा आप्पा जळगावकरांचा मुलूख आहे, लक्षात ठेवा." पंडित आप्पा जळगावकर जालन्याकडचेच. पुण्याला गेले, भीमसेनांपासून भल्याभल्या गवयांना पेटीची साथ केली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. जालन्यानं पुण्याला आप्पा दिले आणि पुण्यानं परतफेड म्हणून मला पाठवलं. आमच्या बँकेत असा व्यवहार कोणी केला असता तर चौकशी बसली असती.

मला जरा धीर मिळावा म्हणून मी गुरुजींना म्हटलं, पेटीसुद्धा माझ्यासारखीच बदलीवर आलेली आहे. पॅरिसच्या देबॅं नावाच्या कारागिरानं १८४० च्या सुमारास हार्मोनियम केली. पायानं भाता मारायची आणि खुर्चीवर बसून वाजवायची. चर्चच्या ऑर्गनची ती धाकटी बहीण. ती इकडे आली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये तिचे पाय काढून हाताचा भाता बसवला. म्हणजे ही सासरी येऊन मांडी घालून बसायला शिकली. तरी पुढे आकाशवाणीनं १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. का, तर हिला मींड येत नाही आणि श्रुती कळत नाहीत.

"तुम्हाला येते का मींड?" गुरुजींनी विचारलं.

मी विषय बदलला.

तर तो पहिला हरिपाठ. म्होरके माऊली उभे राहिले आणि त्यांनी सूर लावला. मी चटकन काळी चार दाबली. जरा खालचा वाटला. पांढरी सहा दाबली. जरा वरचा झाला. माऊलींचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधल्या भेगेत होता, जिथे पेटीवाल्याचं बोट जात नाही, फक्त धूळ जाते. मी दोन्ही एकदम दाबल्या. पलीकडे एक गाय उठून उभी राहिली.

बरं, माऊली त्या भेगेत तरी स्थिर राहावेत! रंग चढत जातो तसा हरिपाठ वर चढतो. काळी चारच्या आसपास सुरू झालेला गजर पाचव्या मिनिटाला काळी पाचला आला, आठव्या मिनिटाला पेटीच्या उजव्या टोकाकडे निघाला. मी मागून धावत होतो. यात पखवाजवाल्यांना बरं असतं. त्यांनी सुरुवातीला धुम्याला कणीक लावलेली असते, शाईवर दोन थापा मारून कान लावून पाहिलेलं असतं, आणि त्यानंतर जगात काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

तेवढ्यात टाळ सुरू झाले. चाळीस जोड. मला माझी पेटी ऐकू येईना. भाता हलत होता, बोटं फिरत होती, पण आवाजाच्या नावानं शून्य. खात्री करायची म्हणून मी वाजवायचं थांबवलं. काही फरक पडला नाही. मग धीर करून मधेच एका नाट्यपदाची चार वळणं वाजवली. कोणी मान वळवली नाही. हरिपाठ संपल्यावर लोकांनी पाया पडून सांगितलं, "लय गोड वाजवली माऊली पेटी." फक्त गुरुजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "तिसऱ्या चरणानंतर बालगंधर्व कामून आले होते?"

रुळायला वेळ लागतो, असं आतेभाऊ म्हणतो. त्याच्या शेजाऱ्यानं पहिल्या तीन वर्षांत त्याला एकूण तीन वाक्यं सांगितली आणि तीनही बर्फ काढण्याविषयी होती. मला शेजारच्या मावशींनी पहिल्या तीन दिवसांत माझा पगार, वय, रक्तदाब, एकच मूल का आणि पोट केव्हापासून सुटलं हे विचारून घेतलं. दोन उत्तरं त्यांनी स्वतःच दिली आणि ती माझ्यापेक्षा खरी होती. त्याच्याकडे बकरीच्या दुधाच्या निवळीचं तपकिरी चीज असतं, दिसायला साबणाची वडी आणि चवीला गोड. ते आवडेपर्यंत त्याला दोन हिवाळे लागले. मला ठेच्याला दोन तास लागले, त्यातला दीड तास मी पाण्याच्या माठाजवळ होतो. 'कामून' हा शब्द मात्र मी लगेच उचलला. 'का' विचारलं की माणूस कारण सांगतो. 'कामून' विचारलं की आधी बसायला सांगतो.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा. विणेकरी बाबा चारला खिडकीवर काठी मारायचे. उन्हाळ्यात मला हातपंखा लागतो अशी ही जागा, पण कार्तिकात पहाटे बोटं पेटीवर चिंचेच्या आकड्यांसारखी वाजतात. मी आतेभावाकडे कुरकुर केली. तो म्हणाला, "आमच्याकडे पारा शून्याखाली आहे. वर ट्रोम्सोला तर नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही." मी म्हटलं, "पण तुमच्या चर्चमध्ये हीटर असतो." आमच्या देवळात हीटर नाही, घोंगडीवाले एक बाबा आहेत, त्यांना चिकटून बसायचं. ते दहा मिनिटांत माझ्या खांद्यावर झोपतात आणि झोपेत बरोबर समेवर टाळ मारतात.

बँकेतलं आणि देवळातलं आयुष्य वेगवेगळं ठेवायचं मी ठरवलं होतं. पण थकबाकीदारांची यादी उघडली तर तिसरं नाव पखवाजवाल्या माऊलींचं. पाइपलाइनसाठी घेतलेलं कर्ज होतं. दिवसा ते सापडायचे नाहीत, आणि संध्याकाळी माझ्या डाव्या मांडीला मांडी लावून बसायचे.

"माऊली, तुमची एकदा भेट घ्यायची होती," मी हळू आवाजात म्हणे.

"रोज तर भेटतो, साहेब. घ्या, धरा ठेका."

माझ्या तोंडून हप्त्यातला 'ह' निघाला की ते दुगण सुरू करायचे. 'प्ता' पर्यंत मी एकदाही पोचलो नाही. वसुलीच्या चार नोटिसा मी त्यांना द्यायला म्हणून देवळात नेल्या आणि द्यायचा धीर न होऊन पेटीच्या झाकणाखाली, सुरांच्या मागच्या पोकळीत ठेवून दिल्या. वरिष्ठांना कळवलं, "पाठपुरावा चालू आहे." खोटं नव्हतं. रोज मी त्यांच्याच मागून वाजवत होतो.

माघात सप्ता आला. अखंड हरिनाम सप्ता म्हणजे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. बँक त्याच्या फटीत. चौकात बॅनर लागला. वर कीर्तनकार महाराज, त्याखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि कोपऱ्यात माझा फोटो : 'हार्मोनियम सम्राट, बँक मॅनेजर साहेब'. फोटो ओळखपत्रावरचा होता, त्यावर बँकेचा अर्धा शिक्का तसाच आला होता, त्यामुळे सम्राट तारण ठेवल्यासारखे दिसत होते. मी मॅनेजर नाही. खरे मॅनेजर दुसऱ्या दिवशी बॅनरसमोर दोन मिनिटं उभे राहिले आणि मग केबिनमध्ये येऊन मला 'सर' म्हणाले. आठवडाभर म्हणाले.

दुसऱ्या रात्री कीर्तन आणि जागर यांच्या मध्ये लाईट गेली. पंगत उठली होती, मंडपात काळोख, मी पेटीशी एकटाच. बायकोचा फोन आला. माझ्या तोंडासमोर माइक होता. पण लाईटच नाही म्हटल्यावर माइक म्हणजे एक लोखंडी काठी.

"जेवलात का?" बायकोनं विचारलं.

"जेवलो. बुंदी छान होती. पण पुऱ्या... अगं, पुरी कसली, टाळच तो. एकावर एक आपटली तर जागर होईल."

"आणि गाणं कसं चाललंय?"

"गाणं? एकेकाचा सूर असा की पेटीवर सापडतच नाही. पट्ट्यांच्या भेगेत गातात. त्या भेगेत मी वर्षभर..."

"अहो," ती म्हणाली, "तिकडे आवाज घुमतोय का?"

घुमत होता. माझंच 'वर्षभर' अर्ध्या सेकंदानं पाण्याच्या टाकीला आपटून परत येत होतं. देवळाच्या कळसावर चार कर्णे आहेत, चार दिशांना. लाईट पुऱ्यांच्या आधी आली होती की नंतर, याचा मी अंधारात बसून हिशेब केला. मग मंडपातले दिवे एकेक करून लुकलुकले, आणि समोर आचारी झारा हातात घेऊन उभा दिसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बदलीचा अर्ज मनात दोनदा लिहून झाला. दुसऱ्या दिवशी पंगतीत मी कोपरा धरून मान खाली घालून बसलो, तर आचारी स्वतः वाढायला आला. "साहेबायसाठी येगळ्या मऊ काढल्या. हाणा." म्होरके माऊली पलीकडून म्हणाले, "साहेब, आज कोणत्या भेगंत गाऊ तेवढं सांगा बरं." पंगत हसली. घरमालक म्हणाले, "इतके दिवस तुम्ही नुसतं गोड गोड बोलायचे, तव्हा आम्हाला संशय यायचा."

चौथ्या रात्री कीर्तन ऐन रंगात असताना माझ्या खर्जातला एक सूर 'चूं' म्हणाला. खर्जातले सूर 'चूं' म्हणत नाहीत. मी परत दाबला. परत 'चूं', जरा चिडून. भात्यातून वाराही कुठून तरी निसटत होता. महाराज दृष्टांत सांगू लागले तशी मी झाकण अलगद उचललं. आत चार गुलाबी पिल्लं, आणि त्यांच्याखाली बारीक कातरलेल्या कागदांची मऊ गादी. एका तुकड्यावर 'सात दिवसांच्या आत' एवढंच शिल्लक होतं. शेजारी वाळलेल्या कणकेचा गोळा : पखवाजवाल्या माऊलींनी उरलेली कणीक वाया जाऊ नये म्हणून रोज माझ्या पेटीत ठेवायची सोय करून घेतली होती. कागद बँकेचा आणि कणीक थकबाकीदाराची. आमच्या शाखेनं त्या वर्षी दिलेलं इतकं यशस्वी गृहकर्ज दुसरं नाही.

मी विणेकरी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत पाहिलं आणि हात जोडले.

"गणपतीचं वाहन हाय. सप्त्यात हात लावायचा नाही."

मग उरलेले दिवस मी पिल्लांच्या बाजूचा एकही सूर दाबला नाही. फक्त उजवीकडचं एक सप्तक, तेही हळू भाता मारून, वाऱ्यानं पिल्लं गारठू नयेत म्हणून. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी जाहीर कौतुक केलं, "पेटी कशी असावी, तर अशी. किती संयम!" माझ्या पाठीवर शाल पडली. आतून 'चूं' आलं.

ही कथा मी आतेभावाला सांगितली, त्यानं ती त्याच्या गावच्या ऑर्गनवाल्याला सांगितली. त्याचं म्हणे हसून हसून पोट दुखलं. मग त्यानं उलट निरोप पाठवला की ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फ नावाच्या गावी १८१८ च्या नाताळात उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला, म्हणून गिटारवर म्हणता येईल असं गाणं ऐनवेळी करावं लागलं आणि तेच ते जगभर गाजलेलं 'सायलेंट नाइट'. गिटारवर ते त्या नाताळात म्हटलं गेलं हे खरं. उंदरांची गोष्ट मात्र दंतकथा आहे. उंदरांची असल्यामुळे तिला दुसरं काही म्हणताही येत नाही. मी ती बाबांना सांगितली. शिवाय असंही सांगितलं की नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या मोठ्या चर्चमध्ये १७४१ सालचा ऑर्गन अजून आहे.

बाबांनी विचार केला. "त्येच्यात कणीक ठेवत नसतील," ते म्हणाले.

नोटिसा गेल्या त्या गेल्याच. पखवाजवाले माऊली मात्र एक दिवस आपण होऊन बँकेत आले, कापसाचे पैसे आले होते. दोन हप्ते भरले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही कव्हा बोललेच नाही कर्जाचं. मला वाटलं माफ झालं."

पुढे मला ताप आला. तीन दिवस देवळात गेलो नाही. चौथ्या दिवशी खोलीत अकरा माणसं, मोसंब्यांचे दोन क्रेट आणि एक काढा. सगळ्यांचं म्हणणं एकच : पेटीवाचून हरिपाठ पडून गेला.

"पण पेटी तुम्हाला ऐकूच येत नाही," मी तापातच भांडलो. "मी मधे नाट्यगीत वाजवलं तरी कळत नाही!"

"पंखा चालू असला तर कुठं ऐकू येतो?" बाबा म्हणाले. "बंद पडला की झोप मोडती."

आयुष्यात माझ्या वादनावर एवढी चांगली समीक्षा दुसरी आलेली नाही.

मग दिवाळीला पुण्याला गेलो. आत्यानं आधीच कबूल करून ठेवलं होतं, तिच्या भजनी वर्गाला साथ करायची. सायंकाळी पाच म्हणजे पाच. सतरंजी, उदबत्ती, चष्मे, वह्या. सुरुवात झाली आणि मला वाटलं अजून तयारीच चालू आहे. कारण मला त्यांचा आवाज येत होता, पेटीचा येत होता, आणि रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाचाही. मी सवयीनं भाता हाणला. भिंतीवरचा फोटो हलला. पुढे बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मी प्रेमानं म्हटलं, "माऊली, जरा आवाज उघडा की."

"आम्ही एकमेकींना ऐकू येतो," त्या म्हणाल्या. आणि वही बंद करून, चष्म्याच्या वरून पाहत त्यांनी विचारलं, "तुमची पट्टी कोणती?"

"घरटी पाचशे एक," मी म्हणालो.

आत्यानं त्या दिवशी डोळ्यांना पदर लावला.

परतताना अंबडला उतरलो तर तीच काळीपिवळी, तोच ड्रायव्हर. आत बारा माणसं. मी पेटी उचलून टपाकडे सरकवायला लागलो, तर तो खाली उडी मारून आला.

"ओ साहेब! तिला काय वर टाकता? आज एकादशी हाय, संध्याकाळी लागंन. आक्का, सरका जरा, पेटीला जागा द्या."

आक्का सरकल्या. पेटी त्यांच्या आणि एका पाटीच्या मधे व्यवस्थित बसली, वर त्यांनी पदराचं टोक टाकलं. मी विचारलं, "आणि मी?"

ड्रायव्हरनं वर बोट दाखवलं. तिथे पेंडीची पोती होती, मऊ होती तशी. शेजारी एक कोंबडा होता.